माडबनचा सडा आणि सहा अणुभट्ट्यांचा हिशेब

श्रावणात माडबनच्या सड्यावर, म्हणजे कोकणातल्या सपाट कातळमाथ्यावर, गेलात तर बोटभर मातीवर गुडघाभर गवत दिसेल, गवतात निळी-पिवळी रानफुलं, कातळाच्या खळग्यांत साठलेलं पाणी आणि त्यात निवांत डुंबणारी एखादी म्हैस. पश्चिमेला कातळ एकदम संपतो आणि खाली समुद्र. जगातलं सगळ्यात मोठं अणुवीज केंद्र, जैतापूरचं, इथे होणार आहे. ‘होणार आहे’ हे मी २०१० पासून ऐकतोय. माझं आजोळ राजापूर तालुक्यातलं आणि पोटापाण्याचं काम वीजखरेदीच्या हिशेबांचं. त्यामुळे या प्रकल्पाने माझा पिच्छा दोन्हीकडून पुरवलाय, मामाच्या ओटीवर आणि ऑफिसच्या टेबलावर.

दोन्हीकडे एक समजूत पक्की आहे. विरोधक म्हणतात, आम्ही अडवला. समर्थक म्हणतात, यांनीच अडवला. पंधरा वर्षांचे कागद तारीखवार लावून पाहिल्यावर मला दोघांचंही पटेनासं झालं. कसं, ते सविस्तर मांडतो, कारण कार्बन कमी करायच्या घाईत अणुवीज कुठे बसते या प्रश्नाचं उत्तर मला व्याख्यानांपेक्षा या एका फायलीत जास्त सापडलं.

कागदावर काय होतं

नाव जैतापूरचं, पण जैतापूर गाव खाडीकाठी थोडं आत. जागा खरी माडबन, निवेली, करेल आणि मिठगवाणे या गावांच्या सड्याची, एकूण ९३८ हेक्टर. त्यावर फ्रेंच बनावटीच्या सहा ‘ईपीआर’ अणुभट्ट्या, प्रत्येकी १,६५० मेगावॉटच्या, म्हणजे ९,९०० मेगावॉट. पुढे सरकारी उत्तरांत भट्टी १,७३० मेगावॉटची झाली आणि एकूण आकडा १०,३८० वर गेला. तारापूरच्या चारही भट्ट्या मिळून १,४०० मेगावॉट. २०२५ मध्ये देशातल्या सगळ्या अणुभट्ट्यांची क्षमता ८,८०० मेगावॉटच्या आसपास होती. म्हणजे अख्ख्या देशाने साठ वर्षांत जेवढं उभं केलं, त्याहून जास्त एकट्या राजापूर तालुक्यात.

ही कल्पना मोहात पाडणारी का होती, हे समजायला थोडा हिशेब करावा लागतो. मी आधीचा ९,९०० चाच आकडा धरतो. अणुभट्टी रात्रंदिवस चालते. वर्षाचे ८० टक्के तास चालली असं धरलं तरी सुमारे ६,९०० कोटी युनिट. एवढीच वीज कोळशावर केली तर आपल्याकडच्या कोळशाच्या प्रतीला युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे वर्षाला साडेसहा-सात कोटी टन. खाणीपासून मोडतोडीपर्यंतचं सगळं धरून आयपीसीसीने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीने, २०१४ च्या अहवालात दिलेले युनिटमागचे मधले आकडे असे: कोळसा ८२० ग्रॅम, वायू ४९०, मोठे सौर प्रकल्प ४८, अणुवीज १२, वारा जवळपास तितकाच. कार्बनपुरतं बोलायचं तर अणुवीज आणि पवनचक्की एकाच पंगतीत बसतात.

आता जमीन. तेवढेच ६,९०० कोटी युनिट सौर पॅनेलमधून काढायचे तर मेगावॉटमागे वर्षाला सोळा लाख युनिट धरून ४३,००० मेगावॉट लागतील. मेगावॉटला दोन हेक्टर म्हटले तर ८५,००० हेक्टरांच्या वर जमीन, आणि तरी सूर्य मावळल्यावर दिवे लावायची वेगळी सोय करावी लागेलच. इकडे ९३८ हेक्टर. दिल्लीतल्या कुठल्याही नियोजनकाराची बोटं या आकड्यांपाशी थांबली असती. माझीही थांबली होती. २०१० साली मी या प्रकल्पाच्या बाजूने ऑफिसात हिरिरीने भांडलेला माणूस आहे.

गवतपड

आकड्यांना जागा मात्र रिकामी हवी होती, आणि सरकारी दप्तरात ती रिकामी होतीच.

मामांच्या साडूंची थोडी जमीन संपादनात गेली. त्यांचा जुना सातबारा मी पाहिलाय. मालकांच्या रकान्यात तेवीस नावं. त्यातली निम्मी माणसं वारलेली, वारसनोंदी झालेल्या नाहीत. जिवंत असलेल्यांपैकी एक लालबागला, दोघे डोंबिवलीला, एक बहीण लग्न होऊन बेळगावकडे. खाली पिकाच्या रकान्यात दर वर्षी एकच शब्द, ‘गवतपड’. तलाठ्याच्या दृष्टीने ते खोटं नव्हतं, गवतच उगवायचं. पण त्या गवतावर गावची गुरं जगायची, उरलेलं कापून विकलं जायचं, कडेच्या तुकड्यात नाचणी व्हायची, खालच्या उतारावर हापूसची कलमं होती आणि घर बांधायला काढला तर जांभा दगड होता. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या अहवालानेही नेमका हाच मुद्दा काढला होता की जी जमीन पडीक म्हणून दाखवली, ती लोकांच्या वापरातली आहे.

भूसंपादनाच्या नोटिसा २००६ पासून फिरू लागल्या आणि २०१० च्या सुरुवातीला ताबा घेतला गेला. बहुतेकांनी धनादेश घ्यायला नकार दिला. १६ मे २०१० ला माडबनला जनसुनावणी झाली. ‘नीरी’ या सरकारी पर्यावरण संशोधन संस्थेने केलेला अहवाल जाडजूड इंग्रजीत आणि त्याची मराठी प्रत गावांच्या हाती सुनावणीच्या अगदी तोंडावर आली. ज्याच्या घरासमोर भट्टी उभी राहायची, त्याने चार दिवसांत किरणोत्सर्गाचं प्रकरण वाचून हरकत घ्यावी ही अपेक्षा. याला सुनावणी म्हणायचं की उपचार, ते आपण समजायचं.

२०१३ मध्ये मोबदला हेक्टरी साडेबावीस लाखांवर नेला, तेव्हा घेणाऱ्यांची संख्या वाढली. मामांचे साडू तेव्हा म्हणाले होते, “हेक्टरच्या वर जमीन कोणाची आहे? आणि तेवीस जणांत वाटल्यावर हाती काय, लाखाला दोन-अडीच हजार कमी.” त्यांनी पैसे घेतले. बेळगावच्या बहिणीची सही मिळवायला आठ महिने गेले, हे ते आजही अणुभट्टीपेक्षा रंगवून सांगतात.

नाट्याच्या जेटीवर

खाडीपलीकडे साखरी नाटे. सड्यावरचे लोक जमिनीसाठी भांडत होते. नाट्याच्या मच्छीमारांची एक गुंठाही जमीन जात नव्हती, म्हणून मोबदल्याच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं, आणि तरी सगळ्यात कडवा विरोध तिथून आला. दोन भीती होत्या. एक, सुरक्षेच्या नावाखाली समुद्राचा पट्टा बंद होईल आणि होड्यांना वळसा पडेल. दुसरी, भट्टीतून सुटणारं गरम पाणी.

दुसऱ्या भीतीवर एका संध्याकाळी जेटीवर माझी चांगलीच परीक्षा झाली. जाळी विणत बसलेल्या एका वयस्क तांडेलाने, म्हणजे होडीच्या म्होरक्याने, विचारलं, “तुम्ही वीजवाले ना? मग सांगा भाऊ, पाणी किती सुटणार? लय सुटणार असं नको, आकडा सांगा.” मी मोबाइल काढला. एक ईपीआर साधारण ४,५०० मेगावॉट उष्णता तयार करते, त्यातली १,६५० वीज होते. उरलेली २,८५० समुद्रात. सहा भट्ट्यांची मिळून १७,००० मेगावॉट. पाणी पाचच अंश तापू द्यायचं म्हटलं तर सेकंदाला आठ लाख लिटरांच्या वर पाणी आत घेऊन बाहेर सोडावं लागेल. मी आकडा सांगितला. तो थोडा वेळ जाळ्याकडेच बघत राहिला. मग म्हणाला, “नि हे पाच अंश मोजणार कुठे? नळाच्या तोंडाशी, का कोसभर लांब जाऊन?”

सगळ्या अहवालांचा गाभा या एका प्रश्नात होता. पाणी सुटतं तिथे आणि ते समुद्रात मिसळतं तिथे तापमान वेगळं असतं, आणि मधल्या पट्ट्यात तारली, बांगडा, कोळंबी काय करतील हे मोजण्याची जागा ठरवल्याशिवाय सांगता येत नाही. मला उत्तर देता आलं नाही. कोळशाचं केंद्रही उष्णता बाहेर टाकतंच, हे मी सांगितलं नाही. ते खरं आहे, पण त्या जेटीवर ते चलाखीचं वाटलं असतं.

याच किनाऱ्याला दुसरीकडूनही मार बसतोय, हेही नोंदवायला हवं. अरबी समुद्र तापतोय. जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडात शिरलं, मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ने रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या तयार आंब्याचा सडा पाडला. आठवडाभर होड्या किनाऱ्याला. त्या तांडेलाला कार्बनचं संकट समजावून सांगायची गरज नाही. ते निवारायला निघालेल्यांनी त्याला हिशेबात धरलं नाही, एवढीच त्याची तक्रार.

भूकंपाचा वाद मी आटोपता घेतो. सरकारच्या नकाशात जागा तिसऱ्या क्षेत्रात, १९६७ च्या भूकंपाचं कोयना हवाई अंतराने शंभरेक किलोमीटरवर. जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुअपघातानंतर त्सुनामीचा प्रश्न आला तेव्हा सडा समुद्रसपाटीपासून २५ मीटर उंच आहे असं उत्तर मिळालं. दोन्ही बाजूंना तज्ज्ञ आहेत आणि प्रकल्प या मुद्द्यावर कधीच थांबलेला नाही.

तारखा

२८ नोव्हेंबर २०१० ला तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी ३५ अटी घालून मंजुरी दिली. आठच दिवसांत, ६ डिसेंबरला, फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी दिल्लीत असताना आपली सरकारी न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशन आणि भट्ट्या बनवणारी फ्रेंच कंपनी ‘अरेवा’ यांचा प्राथमिक करार झाला. मंजुरी आणि पाहुणे यांचा मुहूर्त इतका जुळावा याचं कोकणात कोणालाच आश्चर्य वाटलं नाही. ११ मार्च २०११ ला फुकुशिमा घडलं. १८ एप्रिलला नाट्यात आंदोलन चिघळलं, पोलिसांनी गोळीबार केला आणि एक तरुण मच्छीमार गेला. त्या वर्षी बाजूने आणि विरोधात सभांचा पाऊस पडला. नारायण राणे बाजूने, शिवसेना विरोधात, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण समजावणीला.

लोकांच्या आठवणीतलं जैतापूर इथेच संपतं. माझ्या फायलीतलं इथून सुरू होतं, कारण २०१३-१४ पर्यंत जमीन सरकारकडे होती, पर्यावरण मंजुरी हातात होती, बंदोबस्त होता, आंदोलन थकलेलं होतं. तरी भट्टीसाठी काँक्रीटचं एक घमेलं पडलं नाही.

भट्टी जी कुठेच चालत नव्हती

२०१० मध्ये करारावर सह्या झाल्या, तेव्हा जगात एकही ईपीआर वीज देत नव्हती. फिनलंडमधल्या ओल्किलुओटोचं काम २००५ ला सुरू झालेलं आणि सह्यांच्या वेळीच ते काही वर्षं मागे होतं. फ्रान्समधल्या फ्लामांव्हिलचं २००७ अखेर सुरू झालेलं. चीनमधल्या ताइशानला नुकतीच सुरुवात. कल्पना अशी होती की फ्लामांव्हिल चालू होईल, तो आपला नमुना, आणि माडबनला पहिली भट्टी २०१८ च्या आसपास पेटेल.

घडलं ते असं. ओल्किलुओटो ग्रिडला जोडली मार्च २०२२ मध्ये, नियमित उत्पादन एप्रिल २०२३ पासून. फ्लामांव्हिल ग्रिडला जोडली २१ डिसेंबर २०२४ ला, कामाला लागल्यापासून सतरा वर्षांनी. तिचा खर्च ३.३ अब्ज युरोंवरून १३ अब्जांच्या वर गेला. चीनने मात्र ताइशानच्या दोन्ही भट्ट्या २०१८ आणि २०१९ मध्ये चालू केल्या, तरी पहिली इंधनकांड्यांतल्या गळतीमुळे २०२१ च्या मध्यापासून वर्षभर बंद ठेवावी लागली. या ओझ्याखाली अरेवा मोडली आणि तिचा भट्टीचा धंदा २०१८ च्या सुरुवातीला ईडीएफ या फ्रेंच सरकारी वीजकंपनीच्या गळ्यात पडला. म्हणजे लग्न ठरलं एका घरात आणि वरात निघाली दुसऱ्याच घरातून.

ईडीएफने मार्च २०१८ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष माक्रों भारतात असताना नवा करार केला, एप्रिल २०२१ मध्ये बंधनकारक तांत्रिक-व्यापारी प्रस्ताव दिला. तो प्रस्ताव वाटाघाटीत आहे. दरम्यान २०२२ मध्ये फ्रान्समध्येच पाइपांच्या जोडांत तडे सापडले, निम्म्याच्या आसपास भट्ट्या एकाच वेळी बंद होत्या आणि आयुष्यभर वीज निर्यात करणारा देश ती आयात करत होता. पुढच्या भट्ट्यांसाठी फ्रान्सने स्वतः ‘ईपीआर-२’ ही सुटसुटीत आवृत्ती निवडली आहे. आपल्याला दाखवलेला नमुना विकणाऱ्याने स्वतःच्या दुकानातून उतरवून ठेवला, असं माझ्या बाजारू डोक्याला वाटतं.

म्हणून माझा निष्कर्ष थोडा कडू आहे. नाट्यात एकही दगड उचलला गेला नसता, सगळ्या साडूंनी पहिल्याच दिवशी धनादेश घेतले असते, आणि २०११ च्या दिवाळीत काँक्रीट ओतलं असतं, तरी फ्लामांव्हिलच्या गतीने माडबनची पहिली भट्टी २०२८ च्या आधी पेटली नसती. एवढा वेळ आंदोलनाने खाल्लेला नाही.

दर

महाराष्ट्राच्या वीजखात्यात एक जुनी जखम आहे, तिचं नाव एन्‍रॉन. गुहागर तालुक्यात, याच जिल्ह्यात, या अमेरिकी कंपनीचा दाभोळचा वीजप्रकल्प. पहिला टप्पा १९९९ ला चालू, २००१ ला बंद, मध्ये दोन वर्षं महागड्या युनिटांची बिलं. तेव्हापासून परदेशी भट्टीचा प्रस्ताव आला की आमच्यातला कोणीही पहिला प्रश्न विचारतो तो युनिटला किती, आणि दुसरा, भाव वाढला तर कोणाच्या खिशातून. ईपीआरचा खर्च चौपट होताना सगळं जग बघत होतं. पण त्या दोन प्रश्नांचं सही करण्याजोगं उत्तर कोणाकडे नव्हतं.

त्याच काळात शेजारी काय झालं? डिसेंबर २०१० च्या पहिल्या मोठ्या लिलावात सौरवीज युनिटला बारा रुपयांच्या आसपास गेली होती. आम्ही टेबलावर हसलो होतो. मे २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडल्याला २.४४ रुपये, डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात १.९९. देशाची सौरक्षमता २०१० मध्ये शंभर मेगावॉटही नव्हती, जानेवारी २०२५ मध्ये तिने एक लाख मेगावॉट ओलांडले. भट्टीचा दर ठरायच्या आत तिच्याशी तुलना करायची वस्तूच सहापट स्वस्त झाली.

तरीही मी सौरवाल्यांच्या सभेत टाळ्या घेणारं वाक्य बोलत नाही, कारण संध्याकाळचं वेळापत्रक मी पाहिलंय. राज्याची कमाल मागणी ३०,००० मेगावॉटच्या घरात. दुपारी सौर ओसंडतो, सातनंतर घराघरांत पंखे, गिरण्या, एसी, आणि पॅनेल काळे. तिथे कोयनेचं पाणी लागतं, घाटघरसारखे पाणी उलटं वर चढवून ठेवणारे प्रकल्प लागतात, बॅटऱ्या लागतात. आणि आज खरं बघितलं तर कोळसा लागतो. जैतापूरची वाट बघताना रत्नागिरी जिल्ह्यातच जयगडला १,२०० मेगावॉटचं कोळशाचं केंद्र २०१०-११ मध्ये उभं राहून चालूही झालं. आजही चालू आहे. माडबनला भट्टी नाही म्हणून वाचलेल्या पैशांतून कार्बन वाचला, असं झालेलं नाही.

दराइतकाच अडसर होता दायित्वाचा, म्हणजे अपघात झाला तर भरपाई कोणी द्यायची याचा. २०१० च्या कायद्यात चालवणाऱ्याची जबाबदारी १,५०० कोटींपर्यंत, आणि यंत्रात खोट निघाली तर ती रक्कम पुरवठादाराकडून वसूल करायचा हक्क. भोपाळ सोसलेल्या देशाने हे कलम घातलं यात मला काहीच वावगं दिसत नाही. फ्रेंच आणि अमेरिकी कंपन्यांनी त्याला पंधरा वर्षं नाक मुरडलं. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ‘शांती’ कायदा करून १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि हा दायित्व कायदा दोन्ही मोडीत काढले. खासगी कंपन्यांना दार उघडलं आणि पुरवठादाराविरुद्धचं ते खास कलम गेलं. आता जैतापूर हलेल, असं म्हणणारे फोन मला येतात. मी विचारतो, युनिटला किती?

त्याच आठवड्यात

फायलीत एक तारीख मला वर्षानुवर्षं दिसत होती, पण तिचा अर्थ उशिरा लागला. माडबनला पर्यावरण मंजुरी मिळाली त्याच आठवड्यात, २२ नोव्हेंबर २०१० ला, गुजरातेत काक्रापारच्या तिसऱ्या भट्टीचं पहिलं काँक्रीट पडलं. आपल्या बनावटीची, जड पाण्याची, ७०० मेगावॉटची. फारसा गाजावाजा नाही, अध्यक्ष नाहीत, करार नाही. तीही रखडली. जुलै २०२० मध्ये पेटली, जून २०२३ मध्ये व्यापारी उत्पादनाला लागली. साडेबारा वर्षं, म्हणजे अभिमानाने सांगण्याजोगं काही नाही. पण चौथी मार्च २०२४ मध्ये आली आणि तशाच बनावटीची राजस्थानातली सातवी २०२५ मध्ये. याच साच्याच्या दहा भट्ट्यांना मंत्रिमंडळाने मे २०१७ मध्ये एकगठ्ठा मंजुरी दिली आहे.

काक्रापारच्या दोन भट्ट्या मिळून १,४०० मेगावॉट. माडबनच्या स्वप्नाचा सातवा हिस्सा. पण आज रात्री नऊ वाजता तारेत वीज कुणाची आहे ते बघा.

अबू धाबीचं बराका अणुवीज केंद्रही इथे आठवतं. डिसेंबर २००९ ला कोरियाशी करार, पहिली भट्टी एप्रिल २०२१ ला, चौथी सप्टेंबर २०२४ ला, मिळून ५,६०० मेगावॉट, अमिरातीच्या विजेचा चौथा हिस्सा. तिथे सातबारा नाही आणि जनसुनावणीही नाही, त्यामुळे तुलना पुरती जुळत नाही. पण चारही भट्ट्या एकाच साच्याच्या, एकापाठोपाठ एक, त्याच गवंड्यांच्या हातून. अणुवीज इतकी महाग का पडते, याचं उत्तर मला भौतिकशास्त्राच्या पुस्तकापेक्षा इथे जास्त मिळतं: पहिल्या भट्टीवर शिकलेला फिटर दुसऱ्या भट्टीवर असतो की नसतो. सहा राक्षसी भट्ट्या, प्रत्येक नव्या हातांनी, आयुष्यात पहिल्यांदाच बांधलेल्या, हा जुगार होता आणि तो ९३८ हेक्टर गवतपडीवर लावला होता.

फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत एक लाख मेगावॉट अणुवीज असं लक्ष्य जाहीर झालं, छोट्या भट्ट्यांच्या संशोधनाला २०,००० कोटी आणि २०३३ पर्यंत अशा पाच देशी भट्ट्या. त्याच महिन्यात पॅरिसमध्ये फ्रान्सशीही छोट्या भट्ट्यांचं इरादापत्र झालं. मोठीची सही राहिली असताना छोटीचा साखरपुडा. २०२५ मधल्या ८,८०० वरून एक लाखाला जायचं तर दर वर्षी चारेक हजार मेगावॉट भर घालावी लागेल, म्हणजे काक्रापारसारख्या सहा भट्ट्या दर वर्षी. मी अणुविजेच्या बाजूचा अजूनही आहे. या गतीवर मात्र माझा विश्वास नाही, आणि जैतापूर त्या एक लाखात आधीच मोजून टाकलेलं असतं, हे मला खटकतं.

माडबनच्या पर्यावरण मंजुरीची मुदत मध्ये संपली, नूतनीकरणाचे कागद पुन्हा फिरवावे लागले. पुढच्या गणपतीला गेलो की नाट्याच्या जेटीवर जायचं ठरवलंय. त्या तांडेलाचा मुलगा आता होडी बघतो. बापाचा प्रश्न त्याला तोंडपाठ आहे, पाच अंश मोजणार कुठे. मी नवे कागद मागवलेत, ते उघडून आधी तेच पान शोधणार आहे.